सुरुवातीचा वेग

आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यातून जाणारा परका माणूस टेकचंदच्या दारासमोर हमखास थबकायचा. मागाच्या आवाजाचं कोणाला नवल नव्हतं, त्या गल्लीत घराघरातून तीच खटखट. पण टेकचंदच्या घरातून त्या खटखटीच्या तालावर एक खर्जातला सूरही ऐकू यायचा. "व्ही बरोबर यू अधिक एटी. एस बरोबर यूटी अधिक एकछेद दोन एटी वर्ग." ऐकणाऱ्याला वाटे, हे कोणत्या देवाचं म्हणणं? ते देवाचं नव्हतं, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं होतं. आणि म्हणणारा माणूस सातवीपर्यंत शिकलेला होता. त्यातल्या एकाही अक्षराचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

त्याला हसू नये. पाठांतरावर त्याचा विश्वास बसला होता, त्याला तसंच कारण होतं. सातवी झाली तसं त्याच्या बापानं, भैय्यालालनं, त्याला शाळेतून काढून मागावर बसवलं. भैय्यालाल काठाचा कारागीर. लुगड्याच्या काठात रुईफूल उचलावं तर त्यानंच, असं मोहाडीपर्यंत बोललं जायचं. काठाची ही नक्षी कागदावर कुठं काढलेली नसायची. ती नुसती गिनती होती. तीन उचल, एक सोड, दोन उचल, पाच सोड. बाप म्हणायचा, पोरानं मागून म्हणायचं, आणि हातांनी धागे उचलायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी टेकचंदनं विचारलं, "बाबा, हे काय बनून राहिलं?" भैय्यालालनं हातातल्या सुताच्या कांडीनं त्याच्या बोटांवर फाडकन मारलं.

"मधात बोलू नोको. बोललास का गिनती चुकते, गिनती चुकली का धागा तुटते. म्हणत जाय, हात चालव."

टेकचंद म्हणत गेला. काही दिवसांनी कापड गुंडाळताना पाहतो तर काठात रुईफूल उमललेलं. न विचारता, न समजता, नुसतं म्हणून म्हणून आलेलं. तेरा वर्षांचा तो पोरगा हरखून गेला आणि बोटांवरचा मार विसरला. म्हणजे, विसरला असं त्याला वाटलं. मार काही कुठं जात नाही, तो हातात उतरतो, एवढं कळायला त्याला पुढं फार उशीर लागला.

लग्न झालं, कौशल्याबाई घरात आली, आणि त्रेसष्ट साली शोभा झाली. एकुलती एक. ही पोर चालायला लागली तशी विचारायला लागली. आडव्या सुताचा धोटा तिकडे गेला तर परत कसा येते? उभ्या सुताचा ताणा ओला केला तर तो तुटत काहून नाही? मांजर मागाच्या खड्ड्यात पडून राहते, तिले भीती नाही का वाटत? टेकचंद हसत हसत उत्तरं द्यायचा आणि गल्लीत सांगत सुटायचा, "माही पोरगी वकील होते का काय!" त्याला तिच्या प्रश्नांचा अभिमान होता. तेव्हा त्यांची उत्तरं त्याला येत होती, हेही तितकंच खरं.

पोरीला मास्तरीण करायची, हे त्यानं तिच्या दुसरी-तिसरीतच ठरवून टाकलं. दहावी पास व्हायचं, मग डी.एड., मग कुठल्याशा गावच्या शाळेत खुर्ची. दहावी पास ही त्याच्यासाठी नुसती परीक्षा नव्हती. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वाकून बसलेल्या त्याच्या तीन पिढ्यांतून एक माणूस उभं राहणार होतं.

शोभा दहावीला गेली, त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांची भंडाऱ्याला बदली झाली. दुसरे मास्तर येणार, येणार म्हणत जानेवारी उजाडला. कोणी आलं नाही. हेडमास्तर बिचारे भूगोलाचे. त्यांनी एके दिवशी पुस्तकातली सगळी सूत्रं फळ्यावर उतरवली आणि म्हणाले, "पोरांनो, एवढी पाठ करा, बाकी देव आहे." शोभानं ती वहीत उतरवून आणली आणि संध्याकाळी बापाला दाखवली.

टेकचंदला वही पाहून धीर आला. उचल आणि सोड, हेच तर होतं ते! त्यानं पोरीकडून अक्षरं वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच पाठ करायला बसला. धोट्याच्या एका फेरीला एक सूत्र. पंधरा दिवसांत त्याला सगळी आली. मग शाळेआधी रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. शोभा बाजूला चरख्यावर कांड्या भरायची, तो मागावरून म्हणायचा, तिनं मागून म्हणायचं. कौशल्याबाई चुलीपाशी बसून ऐकायची आणि एकदा म्हणाली, "मले नाही समजलं तं नाही समजलं, पोरीले तं समजून राहिलं ना?" टेकचंद म्हणाला, "समजाचं काय त्यात? म्हणत राहिलं का येते आपोआप."

एका सकाळी गाडी उष्णतेच्या सूत्रावर आली. एच बरोबर एमएसटी. शोभानं चरखा थांबवला.

"बाबा, कालच्या सूत्रात एस होता. यातबी एस हाये. तो अन् हा एकच का?"

टेकचंदचा हात हलत होता. तो म्हणाला, "म्हण पुढं."

"अन् टी? तिथं टी हाये, इथंबी टी हाये. अन् ते यू म्हणजे काय, बाबा? कोणाचं नाव हाये ते?"

माग थांबला. टेकचंदनं पोरीकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, लहानपणी धोट्याचं विचारून पाहायची तशीच, तोंड किंचित उघडं ठेवून. त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं. त्याला कानापर्यंत ऊन झालेलं जाणवलं. आणि तो काय करतोय हे त्याला कळायच्या आत त्याचा हात उठला आणि तिच्या गालावर पडला.

"मधात बोलू नोको म्हटलं ना! म्हणत जाय."

कौशल्याबाई चुलीपासून उठून आली. शोभा रडली नाही. तिनं चरख्याला हात घातला आणि म्हणाली, "एच बरोबर एमएसटी." त्यानंतर तिनं कधी मध्ये विचारलं नाही. फेब्रुवारीत तिला सगळी सूत्रं झोपेतून उठवलं तरी यायला लागली. सूत घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यासमोर टेकचंदनं तिला उभी करून म्हणायला लावली आणि व्यापाऱ्यानं वा वा केलं. टेकचंदला वाटलं, मी उगाच नाही मारलं. माझ्या बापानंही मला उगाच नव्हतं मारलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी तो सायकलवर तिला मोहाडीच्या केंद्रावर घेऊन गेला आणि बाहेर लिंबाखाली उकिडवा बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं.

"कसा गेला?"

"सूत्रं सारी लिवली."

"मंग झालं तं!"

ती सायकलवर मागं बसली. वरठीकडून येणाऱ्या आगगाडीची शिटी लांबून ऐकू आली. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, एका गणितात यू देल्लाच नव्हता. टी होता, ए होता. यू कुठंच नव्हता. म्या तीन वेळा वाचलं."

"पेपर काढणाऱ्याचं चुकलं असन," टेकचंद म्हणाला आणि पायडल मारत राहिला.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, विज्ञानात एकतीस. चार मार्क कमी. शाळेच्या व्हरांड्यात निम्मी गल्ली जमली होती. कोणाचं पोर पास झालं, कोणाचं नापास, आणि शेजारचा एक जण, वाईट मनानं नव्हे, सहज म्हणाला, "काहो टेकचंदभाऊ, शोभीले तं सारं तोंडपाठ होतं ना?" टेकचंदला ते सहन झालं नाही. चारचौघांत तो बोलून गेला, "आता काय करता! डोक्यात भुसाच भरला हाये पोरीच्या. ढ ते ढच."

शोभा तिथंच, खांबाला टेकून उभी होती.

घरी कौशल्याबाईनं त्याला धारेवर धरलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याचाही राग उतरला, ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं हे त्यानं हेडमास्तरांना विचारून आणलं. पण शोभानं मान हलवली. "नोको बाबा. मले नाही येत ते. माह्या डोक्यात नाही शिरत." हे ती रुसून म्हणाली असती तर समजूत काढता आली असती. ती शांतपणे म्हणाली, आपल्या पायाला सहा बोटं आहेत असं एखाद्यानं सांगावं तसं. तिला ते पटलं होतं. बापाचंच बोलणं, खोटं कसं असेल?

पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. लाखांदूरकडच्या दिघोरीचे लोक, जातीतलेच, पण दोन पिढ्यांमागे माग सोडून धानात उतरलेले. जावई धनीराम सरळ माणूस, कष्टाळू, दारूबिरूच्या वाटेला न जाणारा. तिच्या घरात काही दुःख होतं असं कोणी म्हणणार नाही. माहेरी यायची तेव्हा आईला कामात मदत करायची, चार दिवस राहायची, जायची. पण ती काही विचारत नसे. बाबा, मागाला हे नवं काय लावलं? असंसुद्धा नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शोभी किती शहाणी झाली, किती शांत झाली. टेकचंद हो म्हणायचा आणि धोटा सोडायचा. पोरगी गेली, पण तिच्या सूत्रांचा ताल त्याच्या हातातून गेला नव्हता. सात वर्षं तो त्याच तालावर विणत राहिला.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी वासुदेवराव नावाचे एक गृहस्थ टेकचंदकडे आले. जवाहरनगरच्या क्वार्टरात राहायचे, तिथल्याच कारखान्यातल्या नव्या पोरांना यंत्रावर काम शिकवायचे. मुलीच्या लग्नासाठी काठाचं लुगडं विणून हवं होतं. दारात चप्पल काढता काढता ते थांबले, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना.

"अहो, लुगडं विणता विणता गतीची सूत्रं? कमाल झाली बुवा! कोणी शिकवली?"

"पाठ हायेत," टेकचंद ओशाळून म्हणाला.

"ते ऐकलं मी. पण सांगा बरं, यू म्हणजे काय?"

त्यांनी थट्टेत विचारलं होतं. टेकचंद मात्र जागच्या जागी गारठला. तोच प्रश्न, सात वर्षांनी, आणि या वेळी मारायला हात उठणं शक्य नव्हतं. समोर गिऱ्हाईक होतं, वयानं मोठं माणूस होतं. तो म्हणाला, "यू म्हणजे... यू."

वासुदेवरावांचं हसू थांबलं. वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलेला माणूस, समोरच्याचा चेहरा त्यांना वाचता येत असावा. ते मागाच्या कडेला मांडी घालून बसले आणि धोट्याकडे बोट दाखवलं.

"हा आत्ता उभा आहे. तुम्ही दोरी ओढली का पळतो. बरोबर? मग दोरी ओढायच्या आधी त्याचा वेग किती?"

"उभा हाये तं कायचा वेग? काहीच नाही."

"तोच यू. सुरुवातीचा वेग. दोरी ओढली, त्यानं वेग धरला, त्या टोकाशी पोचताना जितका झाला तो व्ही. किती वेळ लागला तो टी. दर क्षणाला वेग किती वाढत गेला तो ए. अन् इथून तिथवर जेवढं अंतर कापलं तो एस. झालं!"

"अन् यू देल्ला नसन तं?" टेकचंदनं विचारलं.

"देतच नाहीत कित्येकदा. गाडी थांबलेली होती असं लिहितात. विरामावस्था म्हणतात पुस्तकात. म्हणजे यू शून्य. आपण समजून घ्यायचं."

टेकचंदनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग त्यानं विचारलं, "अन् साहेब, एच बरोबर एमएसटीमधला एस? तो हाच का?"

"छे छे. तो वेगळा. अक्षर म्हणजे नुसतं नाव हो. या गल्लीत टेकचंद किती आहेत?"

"तीन."

"मग कोणत्या घरचा टेकचंद ते पाहावं लागतं ना? तसंच. गतीच्या घरचा एस म्हणजे अंतर. उष्णतेच्या घरचा एस वेगळा, टी वेगळा. हा प्रश्न पडला तुम्हाला? हुशार आहात. माझ्याकडची पोरं दोन-दोन वर्षं शिकतात, त्यांना हा प्रश्न पडत नाही."

लुगड्याचा रंग, काठ, सगळं ठरवून वासुदेवराव निघून गेले. टेकचंद बसून राहिला. आधी त्याला आनंद झाला, अगदी लहान पोरासारखा. एवढं सोपं होतं! धोट्यातच होतं, रोज हाताखालून जात होतं! त्यानं कौशल्याबाईला हाक मारली, धोटा दाखवून सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबला. हुशार आहात. वासुदेवरावांनी हुशार म्हटलं ते कोणाला? प्रश्न तर शोभीचा होता. सोळा वर्षांच्या पोरीला जो प्रश्न पडला होता त्यावर त्यानं थप्पड मारली होती, आणि मग चारचौघांत तिला ढ म्हटलं होतं.

"मी दिघोरीले जाऊन येतो," तो म्हणाला. "तिले सांगा लागते. मी बोललो ते चुकीचं होतं, हे सांगा लागते."

कौशल्याबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "सात वर्षांनी?" ती म्हणाली. पण तिनं पिशवीत चकल्या बांधून दिल्या.

भंडाऱ्याला एसटी बदलून तो दिघोरीला पोचला तेव्हा दुपार झाली होती. गावाबाहेर खळ्यावर धानाची मळणी चालली होती. धनीराम बैलांमागं फिरत होता, त्यानं लांबूनच "या मामाजी!" म्हणून हाक दिली. शोभा पदर खोचून धानाच्या पेंढ्याची तनस गोळा करत होती. ती हात झटकत आली, पाया पडली, पाणी दिलं आणि बाजूच्या मोहाच्या झाडाखाली बापाला पोतं अंथरून दिलं.

"आई बरी हाये ना? अचानक काहून आले?"

वाटभर जुळवून आणलेलं बोलणं तो पार विसरला. तो एकदम म्हणाला, "शोभे, यू म्हणजे सुरुवातीचा वेग."

टेकचंदनं आजूबाजूला पाहिलं. खळ्याच्या कडेला धानानं भरलेली बैलबंडी उभी होती. "ते बंडी पाह्य. बैल जुंपले, पण अजून हलले नाही, तवा तिचा वेग..."

"शून्य," शोभा म्हणाली.

ती तनसाच्या ढिगाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग ती सावकाश बोलायला लागली, "विरामावस्थेतून निघालेली मोटार दोन मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने चार सेकंद जाते, तर तिने कापलेले अंतर काढा." सात वर्षांपूर्वीचा तो प्रश्न, आकड्यांसकट. "म्हणजे यू शून्य. शून्य गुणिले चार, शून्य. एकछेद दोन गुणिले दोन गुणिले सोळा." ती थांबली. "सोळा मीटर. बाबा, सोळा मीटर होते त्याचं उत्तर."

"हो," टेकचंद म्हणाला. त्याला ते उत्तर येत नव्हतं, पण तिनं सांगितलं म्हणजे बरोबर होतं. "अन् ते दोन एस वेगळेच होते. तुहं बरोबर होतं, बाई. तू ढ नव्हतीस. मी चुकलो. मी आज तेच सांगाले आलो."

ज्यासाठी आला होता ते बोलून झालं. आता तिला बरं वाटेल, असं तो समजत होता. शोभानं पदरानं कपाळावरचा भुसा पुसला.

"तुमाले तवा माहीत होतं, बाबा? यू म्हणजे काय ते?"

"नाही."

"मंग मारलं काहून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी विचारायची तसंच विचारलं होतं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. त्याच्या बापाची कांडी, गिनती, तुटणारा धागा, सगळं सांगता आलं असतं. पण त्या सकाळी कुठलाच धागा तुटणार नव्हता, हे त्याला माहीत होतं.

"लाज वाटली मले," तो म्हणाला. "तू विचारलं अन् मले येत नव्हतं. बापाले येत नाही, हे तुले दिसन म्हणून मारलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"येत नाही म्हटलं असतं तं काय झालं असतं, बाबा? दोघं मिळून कोणाले तरी विचाराले गेलो असतो. सायकल होती ना आपल्याजवळ."

आणि मग ती रडायला लागली. थप्पड खाल्ल्यावर न रडलेली, निकालाच्या दिवशी न रडलेली, सासरी जाताना रीतीपुरतं रडलेली पोर त्या झाडाखाली पोत्यावर बसून मोठ्यानं, गळा काढून रडली. टेकचंदनं तिच्या डोक्याकडे हात नेला आणि ठेवायचा धीर न होऊन परत घेतला. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

खळ्यावर बैल थांबले. धनीराम हातातली काठी टाकून धावत आला. बापलेक दोघं रडताहेत म्हटल्यावर त्याला दुसरं काय वाटणार?

"कोण गेलं? मामाजी, आई तं बऱ्या हायेत ना? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," शोभा हुंदका गिळून म्हणाली. "माहं दहावीचं गणित सुटलं."

धनीरामला काही समजलं नाही. तो बैलांकडे परत गेला आणि टाकलेली काठी त्यानं उचलली.